आत्याच्या आवतणासाठी दुसरी डिस्क

मुरबाडात आता कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस उरलेला नाही. पाट्या भरपूर आहेत. 'सेल्स अँड सर्व्हिस' असं ठळक लिहिलेली दुकानं तहसील कचेरीच्या रस्त्यावरच आहेत, पण आत पाऊल टाकलं की मोबाईलची कव्हरं लोंबकळत असतात आणि भिंतीवरून कॅमेरे डोळे वटारून बघत असतात. माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे, त्यातली हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे, हे मी एकाला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, लॅपटॉप म्हणायचंय का तुमाला?" दुसऱ्याने फोटो मागितला. फोटो बघून शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारली आणि दोघे मिळून हसले. मी फोन हिसकावून घेतला आणि पायरी उतरले.

हसण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही सांगते. बावीस वर्षं मी याच रस्त्यावर टायपिंगचं दुकान चालवलं. दाखल्यांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दहाव्याची पत्रकं, लग्नपत्रिका. तालुक्यातली निम्मी लग्नं माझ्या बोटांखालून गेली, आणि 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' ही बोबडी ओळ मी इतक्या वेळा टाइप केली की तिच्यावरून लहान मुलांचाच राग यायला लागला. वेगात माझा हात धरणारं मुरबाडात कोणी नव्हतं. वकील लोक कल्याणहून आलेल्या पक्षकारांना सांगत, बाई तोंडाने फटकळ आहे, पण काम अर्ध्या तासात देते. मला दोन्ही गोष्टींचा अभिमान होता.

दुकान बंद केलं तेव्हा तो कॉम्प्युटर मी घरी आणला आणि धान्याच्या कोठीशेजारी ठेवला. तो पुन्हा चालू करायची वेळ आली ती माझ्या आत्यामुळे.

आत्या धसईच्या पुढे राहते आणि ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नाला भटजी येतो तो अक्षता पडण्यापुरता. त्याआधीचा मांडव, तेल, हळद, सगळं धवलारीण गाऊन पार पाडते. ती गात नाही तोवर हळदीला कोणी हात लावत नाही. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवतण. हळदीच्या दिवशी धवलारीण गावातल्या देवांना आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. आधी वेशीवरचा देव, मग डोंगरावरची देवी, मग बांधाबांधावरचे, मग घरातली माणसं, सगळ्यात जुनं असेल ते पहिलं. शेवटी सासुरवाशिणींच्या माहेरची. क्रम चुकला किंवा एखादं नाव राहिलं की तो रुसला असं धरतात, आणि मग वर्षभर घरात कोणी साधं शिंकलं तरी कोण रुसलं याची चर्चा चालते. मी हे कधी मानलं नाही. पण माझ्या मानण्या न मानण्याने धसईकडे काही अडत नव्हतं.

माघात आत्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वैशाखात तिच्या नातीची हळद होती. म्हणजे माझ्या आतेभावाच्या मुलीची. आतेभावाची बायको, माझी वहिनी, इतकी वर्षं आत्याच्या मागे उभी राहून झील धरत आली होती. तिला बाकीची सगळी गाणी येतात, पण आवतणात साथ देणारीला एकच ओळ असते, 'या मांडवा या.' नावं आत्या घ्यायची. ती आत्याच्या डोक्यात होती आणि आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

वहिनीने मला फोन केला. "वन्स, तुमी तवा सगला टाइप केलंला ना? आत्यांना दुकानात बसवून?"

केलं होतं. एका कॉलेजातल्या प्राध्यापकाला आमच्याकडच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं होतं. त्याने मला काम दिलं, चहा पिऊन गेला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. अशा माणसांचा मला तिटकारा आहे. पण फाईल त्या मशीनमध्ये राहिली होती. आवतण त्या डिस्कमधून बाहेर काढायचं, नाहीतर त्या घरात ते कायमचं संपणार, एवढा साधा मामला होता. मी वहिनीला म्हटलं, "काळजी करू नको. माझ्याकडचं काही हरवत नाय."

मशीन चालू केलं तर आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज यायला लागला. पडदा उजळला, फाईलची नावं दिसली आणि दोन मिनिटांत सगळं गोठलं. पेन ड्राइव्ह ते ओळखत नव्हतं. प्रिंटर कधीच भंगारात गेला होता. ऐरोलीला एका मोठ्या कंपनीत असलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, क्लाउडवर टाक ना, सिंपल आहे." ज्या मशीनने आयुष्यात इंटरनेटची वायर पाहिली नाही, त्याच्याबद्दल हा सल्ला! एवढा पगार घेऊन ही मुलं दिवसभर काय करतात, हे मला एकदा जाऊन बघायचं आहे.

शेवटी कोणीतरी शहापूरच्या एका माणसाचं नाव सांगितलं. जुन्या वस्तू फेकत नाही, असं कळलं. मी मशीन चादरीत गुंडाळून एसटीने निघाले. कंडक्टरने विचारलं, "मिक्सर हाय का?" मी म्हटलं, "हो, आणि तुला चटणी देते वाटून." शेणव्याच्या अलीकडे रस्त्याची जी दशा आहे, त्यात ते मशीन मांडीवर धरून बसताना मी मनातल्या मनात ठेकेदाराच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

शहापूरचा माणूस पन्नाशीचा होता, शर्टाच्या खिशात तीन स्क्रू ड्रायव्हर. आधी त्याने जुनी डिस्क बाहेर काढून आपल्या लॅपटॉपला वायरीने जोडून पाहिली. ती फिरायलाच तयार होईना. मग म्हणाला, "मॅडम, ही तिच्या सोताच्या घरातच चालंल. दुसरी डिस्क त्याच कॅबिनेटात लावू, कॉपी मारू, मग दुसरी काढून घेऊ." त्या दिवसात त्याने काढलेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य, म्हणून मी ते जसंच्या तसं लिहून ठेवते आहे.

कॅबिनेट उघडलं आणि तो हसायला लागला. आत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, हळद, कुंकू, अक्षता. बावीस दसऱ्यांना मी मशीनची पूजा केली होती आणि मागच्या जाळीतून सगळं आत गेलं होतं. "मॅडम, ह्यो कॉम्प्युटर हाय का देव्हारा?" असं म्हणत तो चिमट्याने एकेक पाकळी बाहेर काढत होता. त्याच्या डोक्यावर, इंटरनेटच्या डब्याला, लिंबू-मिरची टांगलेली होती. मी नुसतं वर बघितलं.

मग त्याने खणातून एक जुनी डिस्क काढली, कोणाच्या तरी मोडलेल्या मशीनमधली, आणि आतल्या रुंद चपट्या वायरीच्या मधल्या तोंडाला जोडली. पडद्यावर आलं की मशीनमध्ये डिस्कच नाही. एकही नाही. त्याने जोडण्या काढून फुंकर मारली. पुन्हा तेच. पुन्हा फुंकर. हा देश फुंकरीवर चालतो, याची मला त्या दुकानात खात्री पटली. मी चष्मा पुसला आणि डिस्कवरचं लेबल वाचलं. बारीक अक्षरात तक्ता होता. डिस्कच्या मागे मसुरीच्या डाळीएवढी एक टोपी असते, ती कुठल्या पिनांवर बसवली आहे त्यावरून ती डिस्क मुख्य की दुय्यम हे ठरतं. याने दोन्हीही मुख्य ठेवल्या होत्या. एका मांडवात दोन वरमाया उभ्या केल्या की काय होतं, तेच झालं होतं.

"ती टोपी शेवटच्या पिनांवर घाला," मी म्हटलं.

"मॅडम, बारा वरसं ह्याच कामात हाय मी."

"मग बारा वर्षांत एकदा लेबल वाचा."

त्याने तोंड वाकडं करून टोपी हलवली. दोन्ही डिस्का दिसल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी त्याला तसं सोडणाऱ्यांतली नाही, म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "बघा, वाचता आलं की बरं असतं."

पुढे मात्र माझ्याच तोंडचं पाणी पळालं. माझं सगळं काम मशीनच्या 'डी' भागात असायचं. त्याने 'डी' उघडला तर आत कोणाच्या तरी सहलीचे फोटो. धबधब्याखाली शर्ट काढून उभे असलेले पोटवाले पुरुष, एकामागून एक. माझं काहीच नाही. तो म्हणाला, "उडाला डेटा मॅडम. मी काय हात लावला नाय, बगितलं ना तुमी?" वहिनीला काय सांगायचं, हा एकच विचार डोक्यात आला. मग मी स्वतः माऊस घेतला आणि एकेक भाग उघडत गेले. माझं सगळं 'ई' मध्ये होतं. दुसरी डिस्क मध्ये घुसल्यावर तिने 'डी' हे अक्षर बळकावलं होतं आणि माझा भाग एक घर पुढे सरकला होता, बस्स. ते पोटवाले पुरुष त्या दुसऱ्या डिस्कच्या आधीच्या मालकाचे होते. बारा वर्षांच्या अनुभवाला हे ठाऊक नव्हतं.

कॉपी सुरू झाली. पाकळ्या काढल्यामुळे की काय, या वेळी मशीन गोठलं नाही. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि आत सुपारी कातरणं चालू होतं. स्टुलावर बसल्या बसल्या मला आत्याची गाणी टाइप केली ते चार दिवस आठवले. आत्या रोज सकाळच्या एसटीने धसईहून यायची आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून गायची. समोर प्रतिज्ञापत्रवाले ताटकळत उभे, वकील दारात उभे राहून गालात हसत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी तिला सांगायचे, आत्या, गाऊ नको, सरळ सांग. तिला सरळ सांगता यायचं नाही. मध्ये थांबवलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी टाइप करता करता डोळे फिरवायचे आणि ती बिचारी समजायची की मला झोप येते आहे. जाताना म्हणायची, "माजी लेक किती राबते गो."

कॉपी पूर्ण झाली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तर माझ्या जुन्या डिस्कने एक कचकन आवाज काढला आणि ती कायमची थांबली. थोडक्यात वाचलं होतं सगळं.

त्याने दुसरी डिस्क काढून लॅपटॉपला जोडली, फाईल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, स्वल्पविराम यांचा उकिरडा पसरला. "करप्ट," तो म्हणाला आणि त्याचं बोट डिलीटच्या दिशेने गेलं. मी त्याच्या मनगटावर फटका मारला. खरोखर मारला. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला मुखवटा असायचा. फाँट नसेल तर मुखवटा गळून पडतो आणि आतली इंग्रजी चिन्हं दिसतात. ज्याने एक पत्रिकाही मराठीत टाइप केलेली नाही, तो त्याला व्हायरस समजून पुसून टाकतो. या जिल्ह्यात अशी किती मराठी पुसली गेली असेल, देव जाणे.

मी पडद्यावर बोट ठेवलं आणि त्या उकिरड्यातून पहिल्या दोन ओळी धडाधड वाचून दाखवल्या. डोळ्यांना ते कळत नाही, पण बोटांना ठाऊक असतं कुठली कळ कुठलं अक्षर. तो बघतच राहिला. "मॅडम, मानला तुमाला," म्हणाला. फाँटही त्याच डिस्कवर माझ्या फोल्डरात सापडला. तो लॅपटॉपमध्ये टाकल्याबरोबर सगळं मराठी झालं. तीन पानं छापून घेतली. माझी मान इतकी ताठ झाली होती की मी ती पानं वाचलीसुद्धा नाहीत. स्वतः टाइप केलेलं काय वाचायचं? प्लॅस्टिकच्या फोल्डरात घातली आणि दुसऱ्या दिवशी थेट धसईची गाडी धरली.

आत्या ओटीवर खाटेवर होती. उजवा हात उशीवर ठेवलेला, डावा मोकळा. मला बघून तिचे डोळे भरले. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली आहे. ती पदराला हात पुसून जमिनीवर बसली, पान मांडीवर घेतलं आणि बोट फिरवत एकदा मनात वाचलं. मी शहापूरची सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगत होते, टोपीची, पोटवाल्या पुरुषांची. ती म्हणाली, "थांबा वन्स, गाऊन बगते."

तिने सुरुवात केली. आत्याने डोळे मिटले आणि डाव्या हाताने खाटेच्या माचव्यावर ठेका धरला. वेशीवरच्या देवाला बोलावलं. या मांडवा या. डोंगरावरच्या आईला बोलावलं. या मांडवा या. वहिनीचा आवाज चांगला लागला होता. मग ती अडखळली. कागद डोळ्यांजवळ नेला. तो उलटून मागची कोरी बाजू पाहिली. पुढचं पान घेतलं, त्यावर तेलाचं गाणं होतं.

"वन्स, मधला पान मुरबाडला ऱ्हायला काय?"

मी कागद हातात घेतला. दोन देवांच्या खाली माझ्या स्वच्छ टायपिंगमध्ये लिहिलं होतं: 'इत्यादी. (याप्रमाणे इतर देव व घरातील पूर्वजांची नावे घ्यावीत.)'

मधलं पान नव्हतंच. तो तिसरा दिवस होता, बाकावर पाच प्रतिज्ञापत्रं खोळंबली होती आणि आत्याची तीच तीच ओळ संपता संपत नव्हती. मला ती पुनरुक्ती वाटली. नाव बदलतं, बाकी सगळं तेच, मग कागद कशाला वाया घालवायचा. तिने सगळी नावं घेतली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी बोटं कीबोर्डवर ठेवून ती संपायची वाट बघत बसले होते. शहापूरच्या त्या माणसाचं बोट अडवायला निदान मी होते, माझी बोटं अडवायला कोणी नव्हतं. मला स्वतःची शिसारी आली. मी वहिनीला सांगितलं, "पान राहिलं नाय. मी टाइपच केलं नाय."

वहिनीने बोटांवर मोजून पाहिलं. तिला तिच्या आजेसासऱ्यापर्यंतची नावं येतात, त्याच्या मागची कोणालाच येत नाहीत. आतेभाऊ दारात उभा होता, तो आत निघून गेला.

आत्याचा ठेका थांबला नव्हता. डोळे मिटलेलेच होते आणि ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. एक ठोका, मग थोडं थांबणं, मग दुसरा ठोका. ती नावं घेत होती. वहिनीला ते माझ्याआधी कळलं. तिने कागद बाजूला ठेवला आणि प्रत्येक ठोक्यानंतर हलक्या आवाजात आपली ओळ म्हणायला लागली. या मांडवा या. या मांडवा या. कोणाला बोलावणं चाललंय ते एकट्या आत्याला ठाऊक होतं. बराच वेळ ते चाललं. ठोके हळू झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती शेवटच्या, म्हणजे स्वतःच्या माहेरच्यांवर आली असणार. माझा बाप तिचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले, पण त्यातला कुठला ठोका माझ्या बापाचा होता, ते मला ओळखता आलं नाही.